चाळीस गावं ओढणारं मशीन

लिही अक्षरा. तुझ्या आईचं लिहायचंय, पर तिला आत्ताच दाखवू नको. उभ्या उभ्या वाचील आन मनील, "आत्या, ह्यात दोन चुका हायत."

पुनम, तुझी आई, आमची सून; सासूला आत्याच मनते. लग्न होऊन नांदेडात आली तवापासून तिला बसून चहा पेताना मी बगितलं न्हाई. कप ओट्यावर, एक घोट, मग चपाती, एक घोट, मग तुझी येणी, आन उरलेला थंडगार चहा चप्पल घालता घालता. पायात भिंगरी घेऊनच जन्मली बाई.

काम तिचं नकाशाचं. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा न्हाई. गावात नळाचा पाइप कुठून कुठं गेला, कोन्या घराला तोटी हाय, कोन्या घराला न्हाई, हे सगळं काम्पुटरात. घरावर बोट ठिवलं की मालकाचं नाव, नळ कवा बसला, पाणी येतंय का, सगळं उघडतंय. नायगाव तालुक्यातल्या चाळीस गावाचं काम तिच्या हापिसाला भेटलं. हापिस लहानंच. साहेब आनंदराज, आन पुनम धरून तीन बाया.

पर हापिसातलं मशीन म्हातारं. एक गाव उघडलं तर ठीक. धा गावं उघडले की पडदा पांढराफट, आन ते चक्कर गोल गोल फिरायलंय, फिरायलंय. साहेब एक दिवस मनले, "पुनमताई, एकच नवं मशीन मंजूर करतो. कोनतं ते तुमी ठरवा. पर पसंत चुकली आन हप्त्याभरात निम्मं काम उठलं न्हाई, तर सगळं हैदराबादवाल्याला देऊन टाकतो. मग तुमा तिघींला मी कुठं बसवू?"

झालं. त्या दिवसापासून पुनमचं डोकं ठिकाणावर न्हाई. भाजीत मीठ दोनदा. मोबाइलवर मशीनीच बगायली. मी इचारलं, "काय हुडकायलीस गं?"

"आत्या, रॅम किती घ्यावी, डिस्क कोनती घ्यावी, कळंना झालंय. जो तो येगळंच सांगतोय."

"रॅम मंजी काय?"

मनली, "खळं समजा. खळं जेवढं मोठं तेवढी कनसं एकदम पसरता येतात. डिस्क मंजी कणगी. कणगीचं तोंड अरुंद असलं की दाणा बाहेर यायला येळ लागतो."

"मग त सोपं हाय की. खळं मोठं घे आन कणगीचं तोंड रुंद."

"सोपं असतं तर मी अशी फिरले असते का?" आन लागली पुन्ना खोलीतल्या खोलीत चकरा मारायला.

शुक्रवारी हापिसातून आली ती हसतच. वजिराबादेत मल्लेश नावाच्या पोराचं दुकान हाय, तिथं मशीन पसंत केलं मनली. काचंचं डबडं, आत लाल-निळे दिवे, मोठं ग्राफिक कार्ड. तिनं आपला नकाशा नेऊन चालवून बगितला, पाण्यासारखा चालला. उद्या नेते मनून शब्द बी देऊन आली.

मी इचारलं, "कित्ती गावं चालवलीस?"

"एक. बरबडा."

"एकच?"

तिचा हसरा चेहरा तिथंच उतरला.

आता माझा बाप बसलिंगप्पा, हाळीच्या बाजारात बैलं घ्यायचा-इकायचा. शिंगं रंगवलेली, झूल घातलेली बैलजोडी लोक लांबून बगायचे, बाप जवळ जाऊन मनायचा, "गाडी आणा." गाडीत दगडं भरायची, वरून चाकं दोरखंडानं बांधायची, आन मग जोडी जुपायची. फिरत्या चाकाला कोनताबी बैल पळतो. बांधल्या चाकाला जो गुडघे टेकून वढील तो घ्यायचा. हे मी पुनमला सांगितलं.

"पर मी शब्द दिलाय, आत्या."

"गाडी वढल्याबिगर शब्द पक्का नसतोय. बाजाराची रीतच हाय."

रात्रभर तिची बांगडी वाजायली. सकाळी मनली, "चला, तुमी बी चला." मी ऑटोत, तिच्या मांडीवर काम्पुटरला जोडायची लहानी डब्बी, चाळीस गावाचे नकाशे त्यात. डब्बी धरून तिचे बोटं तालावर हालायले.

मल्लेश बिल फाडायला बसला होता. पुनम मनली, "थांबा. सगळं चालवून बगायचंय."

"ताई, काल बगितलं की!"

"काल एक गाव होतं."

मी त्याला बापाच्या बांधल्या चाकाची गोष्ट सांगितली, तर पोरगं माझ्याकडं बगून हसलं. "आजी, बैल न्हाई ना हा, मशीन हाय."

"मग तर बरं झालं, वैरण लागत न्हाई. वढून दाखव."

पुनमनं गावं घालायला सुरू केलं. पाच, धा, बारा. पंधराव्या गावाला पंखा असा घोंगावला की मला वाटलं आता दिवे बाहेर येतात. पडदा पांढरा. तेच चक्कर.

मल्लेश चिडला. "एवढं एकदम कोन लावतंय, ताई?"

"मी लावते. रोज."

मग तीच त्याला सांगाय लागली, "ते मोठं कार्ड काढा, मला खेळ खेळायचा न्हाई. साधं बसवा. त्याच्या बदल्यात रॅम चौसष्ट करा, आन डिस्क ती चपटी, जलदवाली." मल्लेशनं कोपऱ्यातलं एक काळं, धूळ बसलेलं डबडं उघडलं, त्यात रॅमच्या पट्ट्या बसवल्या. दिसायला अगदी आमच्या पिठाच्या डब्यावानी. पुनम तवर दुकानात इकडून तिकडं, तिकडून इकडं. मल्लेश मनला, "ताई, फरशी झिजंल."

पुन्ना गावं घातली. पंधरा. इस. तीस. चाळीस. पडदा जागच्या जागी, चक्कर न्हाई. मग तिनं मशीनीला सवाल टाकला, तोटी हाय पर पाणी न्हाई, असे घरं दाव. आन चाळीस गावावर लाल टिंबं उमटली, गोवर निघावा तशी. मल्लेश बी पडद्याजवळ सरकला. मी इचारलं, "एवढ्या घराला पाणी न्हाई?" पुनम एकेका टिंबावर बोट ठिवून मालकाचं नाव दावायली.

"आता तासभर असंच चालू दे," मी मनलं. "चाकं बांधलेली असू दे."

तास भरला. तेच मशीन नेलं. साहेबानं डबडं बगून नाक मुरडलं मनं, "ह्यात काय हाय?" पुनम मनली, "दिवे न्हाईत, सर."

सात दिवसाच्या आत पयली वीस गावं पुरी करून दिली, म्हैना संपायच्या आत चाळीस. हैदराबादचं नाव साहेबानं काढलं न्हाई. शेवटचं गाव धाडून त्या दिवशी पुनम दुपारीच घरी आली. मी चहा टाकला. ती चक्क पाटावर बसली. अर्धा कप बसून पेली.

मग मनली, "आत्या, ती पाणी नसलेली लाल घरं कोनी बगील का?" आन उरलेला अर्धा उभ्यानंच, साहेबाला त्याच घराचं इचारायला मोबाइल कानाला लावून.