शिवणीतली माया

बायकोचा पांढरा झगा शिवताना शिंप्याने दोन्ही कुशींना चांगली चार बोटं माया सोडली. माया म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जादा कापड, अंग वाढलं तर उसवून सोडायला. बायकोचं हृदय दुबळं होतं आणि गोळ्या बंद केल्यापासून अंगावर सूज चढत होती. हातच्या काकणाला आरसा कशाला? तिच्या बोटातली लग्नाची अंगठी निघत नव्हती.

गोळ्या बंद करवल्या नव्या उपदेशकाने. कालपरवा आलेला माणूस, पण चर्चमधली सगळी मंडळी त्याच्या मुठीत. खरा विश्वास असेल त्याला औषध लागत नाही, असं तो सांगे. स्वतःला मात्र चष्म्याशिवाय शास्त्र वाचता येत नसे, पण हे बोलायचं कोणी? शिंपी बोलला, तर बायकोला गुण येत नाही तो नवऱ्याच्या अविश्वासामुळे, असं ठरलं. जन्मभर प्रार्थनेशिवाय सुईत दोरा न ओवलेला हा माणूस अविश्वासू! तरी तो हटला नाही. ज्या प्रभूने स्वतः दुःख सोसलं, तो आजाऱ्याला दोष देणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बायकोला सांगणं मात्र पालथ्या घड्यावर पाणी.

रविवारी तोच झगा घालून तिला मंडळीसमोर आपण बरे झाल्याची साक्ष द्यायची होती. आदल्या दिवशी झगा उलटा करून तिने माया पाहिली.

“एवढी कशाला सोडलीत? मी सुजणारच, अशी खात्री आहे तुमची,” ती म्हणाली आणि रडली. कापून टाका म्हणाली. त्याने कात्री उचलली नाही.

साक्षीआधी, सभागृहामागच्या खोलीत, तिला त्या झग्यात श्वास घेता येईना. मायेच्या काठाशी त्याने आधीच दुसरी टीप मारून ठेवली होती. गुडघ्यांवर बसून त्याने आतली टीप दोन्ही बाजूंनी उसवली. मग खिशातली गोळी पुढे केली.

“गोळी घे. प्रार्थनाही कर. दोन्ही त्याच्याच हातून येतं.”

तिने तोंड उघडलंही. तेवढ्यात पडद्यापलीकडून उपदेशकाने तिला हाक मारली.

“परत आल्यावर घेते,” ती म्हणाली. घेते, असं ती कितीतरी दिवसांनी म्हणाली होती. मग भिंत धरत गेली.

शिंपी पडद्याच्या फटीशी उभा राहिला. झग्यात आता बोटभरही माया उरली नव्हती आणि गोळी घामेजल्या तळव्यात विरघळू लागली होती. त्याने चमत्कार मागितला नाही. प्रभू, ती पडेल तेव्हा मला वेळेवर पोचव, एवढंच तो म्हणत राहिला.