ढाब्याच्या नेटची हद्द

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी सायबर सेलमधल्या आमच्या महिला अंमलदाराचे आभार मानावेसे वाटतात.

मी पांढरकवड्याजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उपकेंद्रातल्या एका तरुण नर्सला अनोळखी खात्यावरून धमक्या येत होत्या. बदली करून घे, नाहीतर फोटो गावभर पसरवतो. गुन्हा दाखल झाला. तांत्रिक अहवालात निघालेलं इंटरनेट कनेक्शन हायवेवरच्या एका ढाबेवाल्याच्या नावावर होतं. अटक कधी करता, अशी वरून रोज विचारणा सुरू झाली.

ढाबेवाल्याला चौकशीला बोलावलं. तांड्यावरचा वयस्क माणूस. वाडवडील बैलांवर माल लादून मुलूखभर फिरलेले, त्यामुळे वाटसराला नाही म्हणायचं नाही ही घरातलीच रीत. त्याच्या वायफायला पासवर्डच नव्हता.

"पासवर्ड का नाही लावला?" मी विचारलं.

"कायले लावू साहेब? ड्रायव्हर लोक घरी लेकराईशी बोलतात. अन् त्या सिस्टरनं माह्या सुनेचं बाळंतपण केलं. मी काहून तिच्या वाट्याले जाईन?"

खोटं बोलणारा हकीकत नीट रचून सांगतो. हा मध्येच रडायचा, मध्येच ढाब्याची काळजी करायचा. पण माझ्या वाटण्यावर तपास बंद होत नसतो.

तेवढ्यात एका ट्रकवाल्याने खबर दिली. "त्याचं नेट लय दूर जाते साहेब. रोडच्या पलीकडं दुकानाईत बसून लोक वापरून राह्यले."

मी अंमलदार बाईंना बोलावलं. वायफाय पसरवणारा ॲक्सेस पॉइंट पत्र्याखाली टांगलेला, जुना, कुठल्याशा ऑफिसातून घेतलेला. त्याचं सेटिंगचं पान काही उघडेना. बाईंनी केबल लावून लॅपटॉप जोडला. काळ्या स्क्रीनवर त्या एकेक कमांड टाइप करू लागल्या.

"सर, रेंज अगदी कमी करते. गल्ल्यापाशी उभं राहिलं तरच मिळेल."

लाइट गेली तरी सेटिंग टिकावं म्हणून त्यांनी शेवटी सेव्हची कमांड दिली आणि नर्सजवळ जाऊन बसल्या. मी आणि एक हवालदार साध्या कपड्यांत ढाब्यावर जेवायला बसलो. ठरल्याप्रमाणे नर्सने त्या खात्याला उत्तर पाठवलं.

बराच वेळ काही नाही. मग समोरचा स्पेअर पार्टवाला मोबाइल उंच धरत रस्ता ओलांडून आला.

"काका, नेट काहून नाही चालून राह्यलं?"

तो गल्ल्याला टेकून टाइप करू लागला. गल्ल्यापाशी मोबाइल घेतलेलं दुसरं कोणी नव्हतं. माझा फोन वाजला. "सर, आत्ता मेसेज आला." मी उठून त्याचा मनगटापाशी हात धरला. ते खातं त्याच्या मोबाइलवर उघडंच होतं. नर्सने लग्नाला नकार दिल्याचा राग, हे त्याने ठाण्यात लगेच कबूल केलं.

एका कागदावर विसंबून अटक केली असती, तर एक भला माणूस आत गेला असता आणि मेसेज येतच राहिले असते. कागद बोट दाखवतो, पण जागेवर जाऊन पाहावं लागतं, हे मी त्या बाईंमुळे शिकलो.

निवृत्तीनंतर एकदा त्याच ढाब्यावर थांबलो. आता पासवर्ड होता, पण तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला.

"अहो, हे काय?"

"रेंज बाईनं केली तेवढीच ठेवली साहेब. जो वापरन तो माह्या डोयापुढं बसन." त्याने माझ्यापुढे ताट ठेवलं. "जेवा. त्या दिवशी तुमचं जेवण अर्धंच राह्यलं होतं."

चौकशीत रडवलेल्या माणसाने हे लक्षात ठेवलं होतं. या वेळी मी ताट पुरतं संपवलं.