यादीत नसलेली अठरावी वस्तू

बत्तीस वर्षांच्या नोकरीत जप्तीच्या, झडतीच्या आणि मुद्देमालाच्या किती याद्या माझ्या हातून झाल्या, त्याची गणती नाही. पण आजही आठवते ती एकच. सतरा वस्तूंची. माझा सगळा तपास अडला होता तो तिच्यात नसलेल्या अठराव्या वस्तूवर.

तेव्हा माझी नेमणूक बदलापूर पूर्वेला होती. दसरा होऊन दोन आठवडे झाले होते. शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास कात्रपमधल्या एका उतारावरून एक छोटी गाडी खाली आली. वळणावर थांबायला हवी होती ती सरळ गेली, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एका बाईंना उडवून विजेच्या खांबावर आदळली. बाईंच्या उजव्या पायाची दोन हाडं मोडली. गाडी चालवणारा चाळिशीचा, अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. मागच्या सीटवर त्याची सत्तरीची आई होती. तिला काही लागलं नव्हतं.

नेहमीप्रमाणे सगळं केलं. स्टेशन डायरीत नोंद, जखमी बाईंना दवाखान्यात रवाना, घटनास्थळाचा पंचनामा, चालकाची वैद्यकीय तपासणी. दारू नाही. मोबाइल तपासला, त्या वेळी कॉल नाही. निष्काळजीपणे वाहन चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा नोंदवला. जबाबात आमच्या हवालदाराने लिहिलं, "अचानक ब्रेक फेल झाल्याने". अपघाताच्या दहा जबाबांपैकी आठांत हे वाक्य असतंच. म्हातारीचा जबाब दोन ओळींचा. मागे बसले होते, काही दिसलं नाही.

चालकाने पुढे सांगितलं, "परवाच ब्रेकचं काम करून आणलंय साहेब. त्या मेकॅनिकला उचला."

मेकॅनिकचं गॅरेज उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, एका शटरचं. मालक, कारागीर, झाडूवाला सगळं तोच. वय पन्नाशीचं. आम्ही रविवारी पोचलो तेव्हा तो एका टेम्पोखालून बाहेर आला.

"ब्रेकला काय केलं होतं?"

"पुढचे पॅड बदलले साहेब. मागचे लायनर साफ केले, ऑइल बदललं, हवा काढली. दोन वेळा ट्रायल मारली, मग दिली."

"पॅड डुप्लिकेट होते?"

कपाट उघडून त्याने जुने झिजलेले पॅड काढले. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, वर गाडीचा नंबर आणि तारीख. शेजारी नव्या पॅडचं रिकामं खोकं, त्यावरही तोच नंबर.

"जुना पार्ट महिनाभर ठेवतो मी. नंतर गिऱ्हाईक येतं, म्हणतं बदललाच नाही. मग दाखवतो." खोकं माझ्या हातात देत तो म्हणाला, "कॅम्पातला आहे म्हणून विचारलं ना? विचारा. सब पूछते हैं."

ते मला लागलं, कारण खरं होतं. कॅम्पातला पार्ट म्हणजे नकली, हे आम्ही तपासाच्या आधीच धरून चालायचो. तरीही मी त्याला ठाण्यात आणलं आणि सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत बाकावर बसवून ठेवलं. तेवढ्यात कोणीतरी फाटकातून त्याचा फोटो काढला. रात्री तो कात्रपपासून अंबरनाथपर्यंत प्रत्येक मोबाइलवर होता, खाली लिहिलेलं, "हाच तो ब्रेकवाला".

सोमवारी आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक आले. गाडीचं पुढचं बंपर वाकलं होतं, पण इंजिन चालू होत होतं. त्यांनी ब्रेक तपासले, पेडलला जोर देणारा बूस्टर तपासला, पाइप हाताने चाचपले, आवारात गाडी चारदा चालवून थांबवली. अहवाल दिला, ब्रेक यंत्रणा सुस्थितीत.

मी मेकॅनिकला बोलावून अहवाल वाचून दाखवला. वाटलं, खूश होईल.

"कागद तुमच्या फायलीत राहणार साहेब. लोक तर म्हणणार, ब्रेक कधी लागतो कधी लागत नाही, मेकॅनिकने सेटिंग केली. चार गाड्या उभ्या होत्या, आज सकाळी चारही घेऊन गेले. वीस वर्षांत शटर असं दुपारी खाली नाही ओढलं मी."

ब्रेक चांगले होते एवढं सांगून त्याचं नाव साफ होणार नव्हतं. मग गाडी का थांबली नाही, याचं उत्तर लागणार होतं.

मला याद्या करायची सवय आहे. प्रत्येक तपासात माझे दहा प्रश्न ठरलेले असत, एका वहीत लिहिलेले. सगळ्यांना तेच आणि त्याच क्रमाने. ठाण्यातली तरुण मंडळी त्याला "साहेबांची किराणा यादी" म्हणायची. या वेळी अपघात साधा समजून मी ती वही उघडलीच नव्हती. सोमवारी संध्याकाळी उघडली.

पहिली नोंद केली ती रिक्षा स्टँडवरून आलेल्या खबरीची. आमचा हवालदार तिथे चहाला गेला असताना एक रिक्षावाला त्याला बाजूला घेऊन म्हणाला होता, "हवालदार, एक टिप देतो, फुकट. ठोकली ना गाडी, सगळे त्या बाईकडे धावले. म्हातारी मात्र पुढच्या दरवाजातून वाकली, काहीतरी उचललं, पिशवीत टाकलं, पदर घेतला आणि एकदम शांतीत कल्टी. बाटलीच असणार, दुसरं काय!"

बाटली नव्हती. वैद्यकीय अहवाल माझ्यासमोर होता. मी नोंदीपुढे प्रश्नचिन्ह केलं.

मंगळवारी चालकाला पुन्हा बोलावलं.

"काय झालं?"

"ब्रेक फेल झाला साहेब."

"ते कागदावर आहे. तुझ्या पायाला काय वाटलं ते सांग."

त्याने खुर्चीवर बसल्या बसल्या उजवा पाय पुढे केला. म्हणाला, "पाय खाली जाईना साहेब. थोडासा गेला आणि अडकला. दगडावर पाय दिल्यासारखं. मी जवळजवळ उभा राहिलो त्याच्यावर."

त्या दुपारी मेकॅनिकला मी हेच सांगितलं, तसा तो ताठ बसला. "साहेब, ब्रेक फेल होतो तेव्हा पेडल खाली बसतं. पाय पत्र्याला टेकतो. वरच अडकलं म्हणजे एकतर बूस्टर गेला, नाहीतर पेडलच्या खाली काहीतरी आलं. बूस्टर तर आरटीओ साहेबांनी पाहिला."

माझा नववा प्रश्न होता, घटनेआधी तुम्ही कोणकोणत्या वस्तू जागेवरून हलवल्या?

"मॅट काढलं, झटकलं, परत बसवलं. आणि तो नारळ."

"कसला नारळ?"

"दसऱ्याचा. गाडीची पूजा केलेला, लाल फडक्यात बांधून ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवलेला. मी काम करताना डिकीत ठेवला. गाडी न्यायला आले तेव्हा आजींना बोललोसुद्धा, आजी, गोल वस्तू पुढे नका ठेवू. त्या काय म्हणाल्या माहीत आहे? 'देवाला काय डिकीत ठेवायचं? तुझ्या आईला ठेवशील का?' मी हात जोडले. भगवान का मामला, कोण बोलणार?"

मी पंचनाम्याची यादी काढली. डिकीत स्टेपनी, जॅक, पाना, एक छत्री. अकराव्या क्रमांकावर, चालकाच्या सीटखाली लाल कापड एक, हळदकुंकू लागलेलं, गाठ सुटलेली. एकूण वस्तू सतरा. नारळ नव्हता. गाठ सुटलेलं कापड आम्हीच लिहून घेतलं होतं आणि त्यात काय बांधलं होतं हे कोणी विचारलं नव्हतं.

म्हाताऱ्या बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, आणि येत असतं तरी मी बोलावलं नसतं. महिला हवालदाराला घेऊन साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. दुसऱ्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट. स्वयंपाकघरात भिंतीला देव्हारा, आणि देव्हाऱ्यापुढे नारळ. म्हातारीने पाणी दिलं. मी नारळाकडे पाहतोय हे तिने पाहिलं.

"आजी, तो जरा बघू का?"

"आधी हात धुवा," ती म्हणाली. "आणि चपला बाहेर."

मी दोन्ही केलं. नारळ फिरवून पाहिला. एका बाजूला काळ्या रबराच्या तीन सरळ रेघा होत्या, पेडलच्या रबरी कव्हरावर असतात तशाच. शेंडी एका बाजूने चिरडलेली. महिला हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच विचारलं नाही. अशा वेळी गप्प बसणं हाही चौकशीचा भाग असतो.

म्हातारी पाटावर बसली. "गाडी घेतल्यापासून दर दसऱ्याला मीच ठेवते. पोराची रखवाली व्हावी म्हणून. गाडी आपटली, मी वाकून बघते तर हा त्याच्या पायाशी. देवाच्या वस्तूला पाय लागला, एवढंच आलं मनात. म्हणून उचलला. घरी येऊन या रेघा बघितल्या, तेव्हा कळलं."

दारात मुलगा येऊन उभा होता. "आई, तू काही बोलू नकोस."

"चार दिवस न्हाईच बोलले."

"वकिलाला विचारू आधी. हे लिहून दिलं तर सगळं माझ्या अंगावर येईल. कळतंय का तुला?"

"कळतंय." तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "तुझ्या अंगावर येणार म्हणूनच चार दिवस घास उतरला न्हाई. पण त्या गॅरेजवाल्याने मला सांगितलं होतं रे. चांगल्या शब्दांत सांगितलं होतं. मी त्याची आई काढली. आता तो दुकान बंद करून बसलाय आणि मी हितं रोज याला फूल वाहते. कसं चालेल?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लिहा साहेब. मी ठेवला, मीच उचलला. सही येते मला."

मुलगा तिथेच जमिनीवर बसला. म्हणाला, "माझंही लिहा. मेकॅनिकचं नाव मी घेतलं होतं."

पुढचं काम कागदाचं होतं. पंचांसमोर, मोटार वाहन निरीक्षकांच्या उपस्थितीत तेवढ्याच आकाराचा नारळ सीटखाली ठेवला. उतारावर गाडी हळू सोडून हँडब्रेक ओढला. तिसऱ्या खेपेला तो घरंगळत पुढे आला आणि पेडलखाली असा बसला की धडधाकट शिपायालाही ते दाबता येईना. मूळ नारळ जप्त झाला. मुद्देमाल क्रमांक अठरा, नारळ एक, सोललेला, शेंडीसह. मालखान्याचा हवालदार कुरकुरला, "साहेब, खुनाच्या कोयत्याशेजारी हा कसा ठेवू?" एकदा अचानक पाहणी केली तर नारळाला वेगळी फळी दिलेली आणि वर जास्वंदीचं फूल. मी पाहिलं नाही असं केलं.

म्हातारीचा पुरावा लपवायचा हेतू नव्हता, हे वरिष्ठांना पटलं. चालकावर दोषारोपपत्र गेलं, कारण गाडीत काय सुटं आहे हे पाहण्याची जबाबदारी चालवणाऱ्याचीच. त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि शिक्षा म्हणून झालेला दंड भरला. केंद्र चालवणाऱ्या बाईंचा पाय बरा होईपर्यंत दोन महिने म्हातारी रोज सकाळी त्यांच्याकडे पोळ्या लाटायला जात होती. बाई प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर ठेवून ओरडायच्या, "आजी, एवढ्या मऊ करू नका, उद्या मी उभी राहिले की गिऱ्हाईक मला नावं ठेवेल!"

मेकॅनिकचं नुकसान मात्र कोणत्याही कलमात बसत नव्हतं. ते मी केलं होतं. फोटो ठाण्याच्या बाकावरचा होता, आणि तिथे त्याला माझ्या हुकुमावरून बसवलं होतं. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मी माझी गाडी घेऊन सकाळी नऊला त्याच्या शटरसमोर उभी केली. गणवेशात गेलो, मुद्दाम.

"ब्रेक तपासा," मी म्हणालो.

"काय त्रास आहे?"

"काही नाही. दर सहा महिन्यांनी तपासायचे असतात ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हसला. "साहेब, तास लागेल."

"चार लावा."

मी रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून दुपारपर्यंत बसलो. येणारे-जाणारे थांबून बघत होते. त्याही वेळी कोणीतरी फोटो काढला. तो किती मोबाइलवर गेला माहीत नाही, पण पुढच्या महिन्यात गाडीचं ऑइल बदलायला गेलो तर मला दोन दिवसांनंतरची वेळ मिळाली.

त्या तपासाने माझ्या वहीत दोन गोष्टी कायमच्या लिहिल्या गेल्या. एक तपासाची. माणूस काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, आपल्या नेहमीच्या वाक्यात नाही. "ब्रेक फेल" या आमच्या दोन शब्दांनी एका निर्दोष माणसाला दिवसभर बाकावर बसवलं. दुसरी गाडीची. निवृत्तीनंतर सोसायट्यांमध्ये बोलायला बोलावतात तेव्हा मी तीच सांगतो. टायरची हवा, ऑइल, दिवे सगळं बघाच. पण किल्ली लावण्याआधी एकदा वाकून पायाखाली बघा. पाण्याची बाटली, सुटलेली चप्पल, सरकलेलं मॅट, मुलाचा चेंडू. फार तर अर्धं मिनिट जातं.

खटला संपल्यावर कोर्टाच्या हुकुमाने नारळ म्हातारीला परत मिळाला. पुढच्या दसऱ्याला मेकॅनिकने मला हत्यारांच्या पूजेला बोलावलं होतं. झेंडूच्या माळा घातलेल्या पान्यांसमोर आम्ही उभे होतो, तेवढ्यात म्हातारीच्या त्या फिटर मुलाची गाडी येऊन थांबली. म्हातारी उतरली, पिशवीतून तोच नारळ काढला, कानाशी हलवला. आत सुकलेला गोटा खडखडला. तिने तो गॅरेजच्या उंबऱ्यावर फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मेकॅनिकच्या हातावर ठेवला.

"काय आजी," तो तुकडा कपाळाला लावत म्हणाला, "या वर्षी देव कुठे ठेवणार? पुढे की डिकीत?"

"पोटात ठेव," ती म्हणाली. "खा मुकाट्याने."

सगळ्यांना वाटून झाल्यावर मुलगा गाडीकडे निघाला, तशी म्हातारीने त्याला हाताने मागे सारलं. गुडघ्यावर हात टेकत ती ड्रायव्हरच्या दारापाशी वाकली, सीटखाली हात घालून चाचपलं, पेडलच्या मागे पाहिलं. मग पदर सावरत उभी राहिली.

"काही न्हाई," ती म्हणाली. "बस आता."