हेडफोनमधली बाई

आधीच सांगते — भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. नव्हता म्हणा! मी रोह्याची. पाण्याच्या लाईनची गळती शोधणं हे माझं काम. जमिनीवर माइक ठेवायचा, कानाला हेडफोन लावायचे आणि ऐकत ऐकत पुढे सरकायचं. पाइप जिथे फुटलाय तिथे 'सूंऽऽ' असा आवाज येतो. इतकं रुक्ष काम… यात कुठलं आलंय भूत?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पेणजवळ, हमरापूरच्या बाजूचं एक गाव. टाकीच्या मीटरवर बघावं तर भरपूर पाणी सुटत होतं, आणि शेवटच्या घरांत हंडासुद्धा भरत नव्हता. मधलं पाणी जात होतं कुठे? भर उन्हाळा, दुपारी पाणी सोडायची वेळ. सोबत गावचे वॉलमन, म्हणजे पाणी सोडणारे, नामदेवदादा.

रस्त्याकडेची सगळी लाईन ऐकून झाली — काही नाही. शेवटी वैतागून मी माइक रस्त्यापलीकडच्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्याच्या भिंतीपाशी ठेवला. तिथून लाईन जातच नव्हती. पण कानात एकदम सूंऽऽऽ! भरभरून! मला इतका आनंद झाला… उकिडवी बसून मी आवाज वाढवला. आणि त्या सूंच्या आतून एक बाई बोलली.

"उठव गो त्यांना."

मी हेडफोन काढले. रस्ता सामसूम. दादा आंब्याच्या सावलीत उभे. पुन्हा लावले.

"उठव गो! बसलीस काय!"

अगदी स्पष्ट. घाईचा, चिडका आवाज. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. काही न सांगता मी हेडफोन दादांच्या कानाला लावले. त्यांचा चेहराच उतरला.

"म्याडम… आत कोन बाय बोलतेय?"

"काय म्हणतेय?"

"उठव म्हनतेय. कोनाला उठवायचं?"

आम्ही दोघांनी एकदमच कारखान्याच्या दाराकडे पाहिलं — आणि धावलो!

आत मालकीण शेवंताकाकू, त्यांची पोटुशी सून आणि चार-पाच बायका जमिनीवर बसून मूर्तींचे डोळे आखत होत्या.

"बाहेर चला! सगळ्या!" मी ओरडले.

"अगो, झालं काय? डोळ्यांचं काम हाय, अर्ध्यात कशी उठू?"

काय सांगणार होते मी? तोंडाला येईल ते बोलले, "खाली पाणी मुरलंय, जमीन खचेल!" खरं तर मला काहीच माहीत नव्हतं. दादांनी काकूंच्या हातातला ब्रश काढूनच घेतला. "शेवंते, ऊठ आदी!" मी सुनेला दंडाला धरून उठवलं. बायका कुरकुरत बाहेर आल्या.

काकू अंगणात माझ्यावर डाफरल्या, "उगा घाबरवलंस गो आमाला—"

धप्पकन आवाज झाला. बायका बसल्या होत्या तिथलीच जमीन आत गेली! मूर्तींची अख्खी रांग खड्ड्यात, आणि खालून गढूळ पाणी बुडबुडत वर…

मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. मी हसत होते की रडत होते, कुणास ठाऊक. काकूंनी मला असं घट्ट धरलं, की त्यांच्या हाताचा रंग माझ्या ओढणीला लागला.

खणल्यावर उलगडा झाला. पाइप कारखान्यासमोर, रस्त्याच्या दुसऱ्या कडेला आमच्या लाईनवरच फुटला होता; पाणी थेट खालच्या पोकळीत पडत होतं, म्हणून तिथे आवाज आला नव्हता. एका बुजलेल्या ओहोळातून पाणी आत शिरून कारखान्याखालची माती खात होतं. पाइप जोडला, तशी शेवटच्या घरांतही धो धो धार आली. बायकांनी हंडे भरता भरता आम्हालाच भिजवलं!

इथवर सगळं समजतं. पण तो आवाज? आमचे साहेब म्हणाले, वायरीत कुठला तरी रेडिओ शिरला असेल. असेल बुवा… पण 'बसलीस काय' म्हणून खेकसणारा रेडिओ मी तरी ऐकलेला नाही. मग वाटलं, आतलंच कोणाचं बोलणं भिंतीतून आलं असेल. काकूंना विचारलं.

"डोळे आखताना आमी श्वास पन जपून घेतो," काकू म्हणाल्या. "बोलंल कोन?"

ती कोण होती, कुठून बोलली… मला आजही सांगता येत नाही. हक्काने 'गो' म्हणाली, आणि मी उठले. एवढंच.