तोंड बघून घातलेलं मीठ

बाजाराच्या टोकाला, औषधांच्या दुकानाला लागून, चष्मेवाल्यांचं अरुंद दुकान होतं. आत दोनच गिऱ्हाइकं मावत. तिसरं आलं की पहिल्याला उठून उभं राहावं लागे. चष्मेवाले दिवसभर तिथे काचा घासत, दांड्या वाकवत आणि समोरच्याच्या नाकावर जड चौकट ठेवून विचारत, "आता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं?" समोरचा चिडका असो, बहिरा असो, नाहीतर दहादा मत बदलणारा असो, यांचा आवाज म्हणून चढत नसे. असा सबुरीचा माणूस शोधून सापडायचा नाही, असं अख्खी गल्ली म्हणायची.

ही सबुरी संध्याकाळी शटरबरोबरच खाली यायची. घरी जेवायला बसले की चष्मेवाल्यांच्या कपाळाला आठी पडे.

आठीला तसं कारण होतं. त्यांच्या बायकोच्या हाताला एके काळी अशी चव होती की नातेवाईक काहीतरी निमित्त काढून नेमके जेवणाच्या वेळेला टपकायचे. पण आदल्या थंडीत दोघंही तापाने झोपले, दोघंही उठले, आणि त्यानंतर घरातल्या स्वयंपाकाची रयाच गेली. आज भाजी अळणी, तर उद्या तोंडात घालवत नाही इतकी खारट. कांदा कधी कच्चा, कधी कोळसा. चष्मेवाल्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की बाईसाहेबांचं आता घरात लक्ष नाही. ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरून जेवायचे. मधेच उठून आतून मिठाची बरणी आणायचे आणि ती टेबलावर ठेवताना मुद्दाम आवाज करायचे.

"कमी झालंय का हो?" बायको विचारायची.

"तुला कळत नाही?"

ती उठून पोळी वाढायची.

एकदा त्यांची धाकटी बहीण नवऱ्याला घेऊन आली होती. बहिणीने लाडात येऊन विचारलं, "काय दादा, आज वहिनी काय खाऊ घालणार?" तेव्हा चष्मेवाले म्हणाले, "आमच्याकडे सध्या दवाखान्याचं जेवण मिळतं. पथ्यपाणी करायचं असेल तर खुशाल राहा." सगळे खो खो हसले. बायकोही हसली आणि पाणी आणायला म्हणून आत गेली. पाणी यायला जरा उशीरच झाला.

अशी वर्षभर कुरकुर चालल्यावर चष्मेवाल्यांनी सुट्टी काढली आणि समुद्रकाठच्या एका लहानशा गावात खोली घेतली. बायकोला ते म्हणाले, "तुलाही जरा हवापालट." खरा बेत मात्र आठवडाभर चांगलंचुंगलं खाऊन घ्यायचा होता. खोलीला एक छोटंसं स्वयंपाकघर होतं, तिथे बायकोने सकाळचा चहा करावा, बाकी सगळं बाहेर.

दोन दिवसांत त्यांची दोन ठिकाणं ठरून गेली. एक धक्क्याजवळचं, चार बाकं आणि एक कढई एवढंच. बोटीतून उतरलेली मासळी तिथल्या तिथे तळून कागदात देत. दुसरी चढावरच्या गल्लीतली खानावळ. ती एक धिप्पाड विधवा बाई चालवायची. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं आणि ती सगळ्या गावाला दटावून वाढायची. टेबलं डुगडुगणारी, ताटल्या एकीसारखी दुसरी नाही. पण मावशीचा माशाचा रस्सा पहिल्यांदा तोंडात गेला आणि चष्मेवाल्यांनी डोळेच मिटले.

"कसं लागतंय?" बायकोने विचारलं.

"वा! फक्कड!"

"तसं नाही. नीट सांगा ना."

सुट्टीमुळे त्यांचा मूड चांगला होता. त्यांनी आणखी एक चमचा घेतला आणि म्हणाले, "आधी आंबट लागतं. मग मागून तिखट येतं, हळूच. आणि गिळल्यावर लसणाचा वास नाकात चढतो." बायको हातातला घास तसाच धरून ऐकत होती. पुढे रोजचंच झालं. ती विचारायची, ते सांगायचे, ती दुसऱ्यांदा विचारायची. ते मनात म्हणाले, बरं आहे, शिकतेय. घरी गेल्यावर उपयोग होईल. एवढ्यावर ते थांबले नाहीत. एके दुपारी ते सरळ मावशीच्या चुलीपाशी जाऊन, बायकोला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "मावशी, असं जेवण कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं हो."

सुट्टी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. दुपारचं जेवण झालं होतं आणि मावशीने सगळ्यांना दुधात शिजवलेला गोड भात वाढला होता. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या चष्म्याची दांडी निखळली. चष्मेवाल्यांच्या खिशात बारीक स्क्रू-ड्रायव्हर कायम असायचा. ते उठले आणि उजेडासाठी म्हाताऱ्याला घेऊन दारात गेले. स्क्रू सापडला, बसला, दांडी सरळ झाली, आभारप्रदर्शन झालं. परत येऊन बसतात तो बायकोची वाटी जवळजवळ रिकामी.

"छान झालाय," ती म्हणाली. "मऊ शिजलाय अगदी."

त्यांनी मोठा चमचा भरून तोंडात घातला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. भात खारट होता. थोडाथोडका नाही, समुद्राचं पाणी ओतल्यासारखा खारट. त्यांनी तो रुमालात थुंकला, तोवर पलीकडच्या टेबलावरही आरडाओरडा झाला आणि मावशी आतून धावत आली.

"अहो खाऊ नका, खाऊ नका! माझ्या भाचीने साखर समजून मीठ ओतलंय, मेलीने!" मग तिची नजर बायकोच्या वाटीवर गेली. "अगं बाई! तुम्ही संपवलात?"

बायकोने चमचा हळूच खाली ठेवला. "वाढलेलं टाकायचं कसं, म्हणून..." ती म्हणाली आणि हसायला गेली. ते हसू काही जमलं नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत भीती होती. इतक्या वर्षांच्या संसारात आपल्याला भ्यालेली बायको चष्मेवाल्यांनी पहिल्यांदा पाहिली.

दोघं उठून धक्क्याकडे चालू लागले. उन्हात एका बाकावर बसले.

"तुला चव लागत नाही," शेवटी चष्मेवाले म्हणाले.

"नाही."

"कधीपासून?"

"तापापासून. वासही नाही. डॉक्टरांकडे जाऊन आले मी. म्हणाले, येईल कदाचित. नाहीही येणार."

"एकटी गेलीस? आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते." ती समुद्राकडे बघत बोलत होती. "त्या दिवशी मी दूध पुढे केलं आणि म्हटलं, नासलंय का बघा ना. आठवतंय? तेव्हाच सांगणार होते."

त्यांना आठवलं. "वास घे की! नाक काय गहाण टाकलंयस?" असं ते खेकसले होते आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं होतं.

"मग राहिलंच," बायको म्हणाली. "पुढे वाटलं, कळलं तर स्वयंपाकाला कोणी बाई ठेवाल. मग मी त्या घरात करायचं काय? म्हणून सवयीने करत राहिले. हाताला माप ठाऊक होतं, पण चाखल्याशिवाय हात भरकटतो हो. मग तुमचं तोंड बघून मीठ घालायचे. आज आठी पडली की उद्या कमी. पण तुम्ही पेपर धरायला लागलात, मग तोंडही दिसेना."

मिठाची बरणी आपटल्याचे सगळे आवाज चष्मेवाल्यांना एकदम ऐकू आले. बहिणीसमोरचा विनोद आठवला. आणि या आठवड्यात आपण जे चघळून चघळून वर्णन केलं, ते ही बाई शिकण्यासाठी ऐकत नव्हती, तिचं जेवणच तेवढं होतं, हे ध्यानात आलं तेव्हा त्यांना मान वर करवेना.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"हं," ती म्हणाली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

घरी परतल्यावर चष्मेवाले पश्चात्तापाने नुसते पेटले होते. वर्तमानपत्र बंद. संध्याकाळी दुकानातून आले की हात धुऊन सरळ चुलीपाशी, हातात चमचा. बायको विचारायची, "मीठ?" ते म्हणायचे, "अगदी बेताचं." "आंबट?" "झकास." काहीही असलं तरी झकास. या तोंडाने पुन्हा नाव ठेवायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

एका रात्री जेवण झाल्यावर ते माठाशी उभे राहून पेल्यामागून पेला पाणी पीत होते. बायको मागे येऊन उभी राहिली.

"खारट झालं होतं ना?"

"छे गं! उकाडा आहे."

"खोटं बोलू नका!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की पेला त्यांच्या हातून निसटता निसटता राहिला. "सगळ्या घरात जीभ एकच उरलीय, तुमची. तीही खोटं बोलायला लागली तर मी विचारायचं कोणाला?"

त्यांनी मान खाली घातली. त्या दिवसापासून खरं सांगायचं असं ठरलं. बरणी आपटताना जे सहज जमायचं, ते आता फार जड जाऊ लागलं. "जरा... जास्त आहे," असं ते चमच्याकडे बघत म्हणायचे. ती मात्र शांतपणे बटाट्याची फोड टाकायची आणि पुढे विचारायची, "आता?"

तरी मनाची टोचणी थांबेना. ती हलकी व्हावी म्हणून त्यांनी एक दिवस बहिणीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. आपण काय बोललो होतो, बायको हसून आत का गेली होती, सगळं. बहीण रडली. दुसऱ्याच दिवशी फळांची पिशवी घेऊन आली आणि वहिनीच्या गळ्यात पडली, "वहिनी, मीपण हसले हो तेव्हा!"

ती गेल्यावर बायको दाराला टेकून उभी राहिली. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं तिला सांगायला?"

"मला राहवेना गं."

"तुम्हाला राहवेना. म्हणून तुम्ही बोलून मोकळे झालात. आता पंगतीत प्रत्येक जण माझ्याकडे बिचारी म्हणून बघणार. ते मला हवंय का, हे विचारलंत?"

त्यांनी विचारलं नव्हतं.

आता त्यांनी एवढंच ठरवलं, की यापुढे काही करायच्या आधी तिला विचारायचं. दुपारीही दुकान अर्धवट लावून ते घरी येतात, चाखतात, खरं ते सांगतात आणि परत जातात. जेवण पहिल्यासारखं नाही, पण बरंच सावरलंय. रविवारी कधी बाहेर खायला गेले तर काय मागवायचं ते ती ठरवते. कुरकुरीत काहीतरी, नाहीतर एकदम गार. ज्याचा आवाज होतो, ज्याने दात शिवशिवतात, असं. ते तिला आवडतं.

मध्यंतरी एका दुपारी ती शेंगा मोडत बसली होती. एकदम थांबली. मान वर करून म्हणाली, "अहो, कॉफीचा वास येतोय का?"

चष्मेवाले ताडकन उठले. खिडकीशी गेले, जिन्यात जाऊन आले, खालच्यांच्या दाराशी उभं राहून त्यांनी छाती भरून वास घेतला. ओल्या फरशीचा वास होता. साबणाचा होता. कॉफीचा नव्हता.

ते परत आले. ती त्यांच्याकडे बघत होती, शेंग तशीच हातात. हो म्हणावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही गं," ते म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि शेंग मोडली. चष्मेवाले तिच्याजवळ खाली बसले आणि त्यांनीही मूठभर शेंगा पुढे ओढल्या.