राणीकाकूचं हिरवं पगान

राणीकाकूने आयुष्यात नागपूरच्या पलीकडे काही पाहिलं नव्हतं. पण ब्रह्मदेशात, पगानच्या राजवाड्यात कुठल्या दाराने शिरायचं, हे तिला पाठ होतं. तिचे वडील तरुणपणी रंगूनला लाकडाच्या वखारीत कामाला होते. लढाई पेटली तेव्हा पायी परतले ते हात हलवत. आणलं काय, तर तिथल्या एका जुन्या राणीची गोष्ट. ती लेकीच्या वाट्याला आली आणि लेकीला सारं गाव राणी म्हणू लागलं.

वैनगंगेकाठच्या आमच्या गावात तिचं घर आमच्या घराला लागून होतं. दुपारी ती चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची, काका मागावर लुगडं विणायचे आणि मी उंबऱ्यात बसून तिची गोष्ट ऐकत राही. गोष्टीतली राणी शेतकऱ्याची पोर. झाडाखाली निजली होती, राजाने पाहिली आणि नेली. काकूच्या पगानात धानाचे बांध होते, आमच्याकडच्या लहान तळ्यांसारख्या, पाण्याने भरलेल्या बोड्या होत्या, बोडीत कमळं होती. पुढे कॉलेजात मी वाचलं, तो मुलूख तर कोरडाठाक. काकूला सांगितलं तर म्हणाली, "तुह्या पुस्तकवाल्यानं उन्हाळ्यात पाह्यलं असन." माझ्या स्वप्नात अजून ते हिरवं पगानच येतं.

राणीचा एक गुण काकू घोळवून घोळवून सांगायची: ती राजाला खरं ते तोंडावर सांगे. राजा मोठा खादाड. त्याच्या ताटाभोवती भाज्यांचा वेढा. "दुश्मन येऊन राह्यला राजा, आता तरी उठ," राणी म्हणे. राजा हसे आणि आणखी वाढून घेई. मग शत्रू आला, राजा पळाला, राज्य बुडालं. "आयकलं नाही ना त्यानं!" असं म्हणत काकू तिरक्या नजरेने मागाकडे पाही. काकाही कुणाचं ऐकणाऱ्यातले नव्हते. ते धोटा जरा जोरात फेकत, एवढंच.

गोसीखुर्द धरणाचं पाणी चढू लागलं तसं गाव एकेक घर करत नव्या वसाहतीत गेलं. काका उठेनात. त्यांचा माग खड्ड्याचा, जमिनीत पाय सोडून बसायचा. तो उचलून नेता येत नाही. पाणी त्यांच्या घरी दारातून आलंच नाही, आधी त्या खड्ड्यात झिरपलं. ते काकूने पाहिलं.

"चला ना जी आता. मले भेव लागून राह्यलं."

"एवढं लुगडं मागावरून उतरू दे, मंग जाऊ."

रोज हेच. घोट्याएवढ्या पाण्यात पाय सोडून ते विणत राहिले. लुगडं उतरलं आणि काकांना तापाने धरलं. नव्या गावातल्या टिनाच्या घरात ते काही दिवसच टिकले. "मीच कमी पडली पोरी. अजून सांगाले पाह्यजे होतं," काकू म्हणाली. त्यानंतर तिने राणीची गोष्ट कुणाला सांगितली नाही. मला फार वाईट वाटे, पण असा विषय काढायचा कसा?

या उन्हाळ्यात तिला भेटायला गेले. तिच्या मनातलं बरंच काही आता पुसलं गेलंय. मला मात्र ओळखलं. अचानक म्हणाली, "ते राणीची गोष्ट सांग ना पोरी. मले आठवून नाही राह्यली."

मी सांगितली. बांध, बोड्या, कमळं, सारं तिच्याच शब्दांत. राणी राजाला उठ म्हणाली, तिथे काकूने माझं मनगट घट्ट धरलं.

"मंग? आयकलं का त्यानं?"

"आयकलं काकू," मी म्हटलं. "ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि राणीच्या मागोमाग निघाला."

"बरं झालं बाई," ती म्हणाली आणि तिने माझा हात सोडला.