दाजींची हजेरी

प्यो दोक-सू म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. ब्युनोस आयर्समध्ये, काराबोबो रस्त्यावर, दाजींनी उभा जन्म स्वेटर विणायचं यंत्र चालवलं, पण कारखान्याच्या पाटीवर नाव ताईचं. कुणी फोटो काढायला लागलं की हे गायब. दारात गणवेशातला माणूस दिसला, मग तो टपालवाला का असेना, की दाजी मागच्या संडासात. "गेला हो तो, या बाहेर!" असं ओरडून आम्ही हसायचो. ते घामाने निथळत यायचे आणि मुकाट्याने पुन्हा यंत्रापाशी बसायचे.

ताई वारली, कारखाना बंद पडला आणि त्यांची मुलगी ग्रिसेल्दा चाळिशीत बेकार झाली. तिने मनावर घेतलं, कोरियात जाऊन काम बघायचं. बाप कोरियन, म्हणून तिलाही तिथलं नागरिकत्व मिळत होतं, आणि इथलं सोडावं लागणार नव्हतं. फक्त बापाने स्वतः वकिलातीत येऊन मुलीचं नाव आपल्या नावाखाली घालायला हवं होतं.

"माझी तब्येत बरी नाही," दाजी म्हणाले. ती वर्षभर बरी नव्हती.

शेवटी पोरगी वैतागली. "तुम्ही बसा घरी, अप्पा. मी तुमचं नाव-गाव देऊन येते. पुढचं ते शोधतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुळे चिरत होते, तर दाजी पिशवी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात उभे. पिशवीत लोकरीचे आतले कपडे आणि रक्तदाबाच्या गोळ्या.

"मल-सून, ही घराची किल्ली ठेव. परत नाही आलो तर पोरीकडे बघ."

"कुठे निघाली स्वारी?"

"तुरुंगात."

मी हसले. ते हसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं, की बाविसाव्या वर्षी ते पलटणीतून पळाले होते. वरचे शिपाई फावड्याच्या दांड्याने झोडपायचे. एकदा लाकडं आणायला पाठवलं, ते परत गेलेच नाहीत. दुसऱ्याच्या नावावर बुसानहून मासेमारी जहाजावर चढले आणि इथल्या मार देल प्लाता बंदरात उतरून गर्दीत मिसळले.

"पळालेल्याला सोडत नाहीत गं. नाव टेबलावर गेलं की संपलं."

"पन्नास वर्षं झाली, दाजी!"

"ते विसरत नसतात."

"मग नका जाऊ."

"पोरीला काम नाही," ते म्हणाले.

मी चाकू टाकला आणि त्यांच्याबरोबर निघाले.

वकिलातीत ग्रिसेल्दा खुशीत होती. अप्पांना कान अधू म्हणून सैन्यात घेतलं नाही, एवढंच तिला माहीत. दाजी पिशवी मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसले.

खिडकीतल्या पोराने पुकारलं, "प्यो दोक-सू!"

दाजी ताडकन उठले. टाचा जुळवल्या, हनुवटी वर केली आणि छताला ऐकू जाईल असे ओरडले, "शिपाई प्यो दोक-सू!"

बाकावरचे दोन म्हातारे खो खो हसले. त्यांनीही तरुणपणी असंच ओरडून हजेरी दिली असणार. ग्रिसेल्दाचा चेहरा पांढराफटक पडला.

दाजी तसेच ताठ चालत खिडकीशी गेले. "मी त्र्याहत्तर साली पलटणीतून पळालो. पोरीला यातलं काही ठाऊक नाही. आधी तिचं नाव घाला, मग मला न्या."

पोरगा आत गेला. दार बंद झालं. आता गणवेशवाले येणार, असंच मला वाटलं. ग्रिसेल्दा बापाची बाही धरून, "चला, अप्पा, घरी चला," एवढंच पुटपुटत होती. ते हलले नाहीत.

पोरगा एकटाच परत आला.

"आजोबा, बसा. तुमच्या नावावर काही नाही. असली प्रकरणं मुदतीबाहेर जातात. तुमचं शहाण्णव सालीच मिटलं."

मला रडूच फुटलं. ग्रिसेल्दाने त्यांच्या गळ्यात हात टाकले. दाजी मात्र बसेनात.

"शहाण्णव? नक्की?"

"नक्की."

"म्हणजे त्यानंतर मी तिकडे आलो असतो, तर धरलं नसतं?"

"नाही."

"दोन हजार एक साली?"

"तेव्हा तर नाहीच, आजोबा."

मग ते बसले. "माझी आई दोन हजार एकला गेली," ते त्या पोराला म्हणाले. "सहा महिने अंथरुणात होती. फोनवर विचारायची, कधी येतोस? मी म्हणायचो, हंगाम आहे, कामं आहेत."

पोराने कागद पुढे सरकवला, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. दाजींनी सही केली आणि विचारलं, "हिला कधी जाता येईल?"